शेंदूर पुसलेली दाढ

रंगनाथ शिपाई किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावत नसे, गळ्यात घाली. प्रयोगशाळेत शिरताना चपला काढी, देवळासमोर मात्र चालता चालताच हात जोडी. जेवायला बसला की आधी उजव्या हातानं डाव्या हाताची हाडं दाबून मोजी, मगच भाकरी मोडी. कुणाच्याही बैलाच्या तोंडात हात घालून दात बघे, मग बैल विकायचा असो वा नसो. वाटेत वेगळा दगड दिसला की उचली, धोतराला पुसून जिभेला लावी. जिभेला चिकटला तर पिशवीत, नाही तर होता तिथंच परत. कधी फेकत नसे. आणि कुणी काही सांगितलं, पेपरातलं असो की कीर्तनातलं, तर एकच विचारी:

“कुनी बघितलं?”

या शेवटच्या खोडीमुळं गावात त्याचं कुणाशी धड जमलं नाही. मच्छिंद्रशी जमलं.

रंगनाथ गेला त्याला आज तेरा दिवस झाले. मच्छिंद्रला अजून रडू आलेलं नाही. राग येतो. सकाळी तोंड धुतानाच येतो आणि दिवसभर हटत नाही. कुणाचा, ते त्याला नीट सांगता येत नाही. मुकादमाचा येतो, गोजरबाईचा येतो, पुण्याहून आलेल्या त्या कॅमेरेवाल्याचा येतो. खुद्द रंगनाथाचाही येतो. आणि रांगेत सगळ्यांच्या मागं आणखी एक जण उभा आहे, त्याच्यापर्यंत मच्छिंद्र अजून पोचलेला नाही.

मच्छिंद्र राहात्याकडचा. मराठी घेऊन बी.ए. झालेला, चोवीस वर्षांचा. एकाहत्तरच्या जूनमध्ये नेवासे तालुक्यातल्या या नदीकाठच्या गावी हायस्कुलात मास्तर म्हणून आला. राहायला जागा मिळेना, तेव्हा हेडमास्तरांनी प्रयोगशाळेमागची खोली दिली. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि भिंतीवर घोड्याच्या खुरांचा आणि दाढांचा तक्ता. शास्त्राचे जुने मास्तर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं.

“मग शास्त्राचा तास कोण घेतं?” मच्छिंद्रनं विचारलं.

“चाललंय,” हेडमास्तर म्हणाले.

चाललंय म्हणजे रंगनाथ घेत होता. सातवी पास, हुद्दा शिपाई. इन्स्पेक्टर आले की हेडमास्तर स्वतः खडू हातात घेत आणि रंगनाथ दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा राही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच तक्त्यापुढं.

मच्छिंद्रला आधी त्याची गंमत वाटली. मग एकदा रिकाम्या तासाला तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

“मी काय समजत हुतो,” रंगनाथ मुलांना सांगत होता, “मांस सडलं का त्याच्याच अळ्या हुत्यात. माझा बाप तेच सांगायचा. सगळं गाव तेच सांगतं. शेनाचं किडं शेनातून, मढ्याच्या अळ्या मढ्यातून. आपल्या जुन्या मास्तरांनी मला दोन बरन्या दिल्या. म्हनले, खाटकाकडून काळीज आन. एकीचं तोंड उघडं ठेव, एकीला पातळ फडकं बांध. आन रोज बघ.”

“मग?” पोरं म्हणाली.

“उघडीत अळ्या वळवळल्या. फडकं बांधलेलीत न्हाई. फडक्याच्या वर मात्र झाल्या. माशी वास घेत आली, तिला आत जाता आलं न्हाई, तिनं वरच अंडी घातली. मांसाची अळी न्हाई, माशीची अळी. जगात हे पहिल्यांदा कळाया हजारो वर्सं लागली. मला आठ दिवस लागले. कारन बरनी कुनी तरी आधी बांधून ठेवली हुती.”

मग तो थांबला. मुलांकडं न बघता म्हणाला, “तवा मी मास्तरांना इचारलं, मग पयली माशी कुठून आली?”

पुढं दोन वर्षं मच्छिंद्रला तेच पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं, भाकरी खाताना, नदीच्या कोरड्या पात्रात हिंडताना. काचेच्या नळीची मान वाकडी करून एका फ्रेंच माणसानं उकळलेला रस ठेवला आणि त्यात काही जन्मलं नाही, ते. दुसऱ्या एका फ्रेंचानं जमिनीतली राक्षसी हाडं जुळवली आणि म्हणाला, ही जनावरं आता पृथ्वीवर नाहीत, संपली. त्याआधी एखादी जात संपते हेच कुणाला पटत नव्हतं. मग एक इंग्रज पाच वर्षं जहाजावर हिंडला, आणि परत येऊन कबुतरं पाळणाऱ्यांना प्रश्न विचारत बसला.

“त्यानं कबुतरात वेळ घालवला,” रंगनाथ म्हणे. “घोडेगावच्या बाजारात यायला पायजे हुतं. एका दिवसात कळलं असतं. आपन वशिंड बघतो, खूर बघतो, नेमका खोंड ठेवतो, बाकीचे इकतो. धा पिढ्यांत बैलाचं रूप पालटतं. त्यो म्हनला, हेच रानात बी हुतंय, फक्त निवडनारा कुनी न्हाई.”

“आणि पहिली माशी?”

“ते अजून चाललंय, सर. अमेरिकेत एकानं काचेच्या भांड्यात वायू कोंडले, पानी उकळलं, ईज खेळवली. आठ दिवसांनी पानी तांबडं झालं. त्यात जीव न्हाई झाला. पन जिवाची माती झाली म्हनं.” तो खूश होई. “म्हनं न्हाई. त्यानं बघितलं.”

बहात्तरचा पाऊस झालाच नाही. घोडेगावच्या बाजारात गुरं इतकी आली की घेणारा दिसेना. रंगनाथ मच्छिंद्रला घेऊन गेला होता. बरगड्या मोजाव्यात अशी जनावरं रांगेनं उभी होती. रंगनाथानं एकाही बैलाच्या तोंडात हात घातला नाही. परतताना एवढंच म्हणाला, “दुस्काळ बी निवडतो, सर. पन त्याला निवडायची अक्कल न्हाई. उरला त्यो चांगला म्हनून उरला, असं कुनी सांगाया लागलं तर त्याच्या थोबाडीत मारा.”

गावाजवळ नदीच्या जुन्या काठावर दुष्काळी कामाचं खडी केंद्र निघालं. निम्मं गाव तिथं होतं. रंगनाथाची बायको चांगुणा पण जायची. काठ खणून गोटे काढायचे, ते हातोड्यानं फोडायचे, ढीग रचायचे. शनिवारी ओव्हरसियर येई आणि लाकडी खोक्यानं ढीग मोजी. ढीग भरला नाही तर टोळीची आठवड्याची मेहनत मातीत. मुकादम होता पुंजाराम. टोळीत सगळ्यांत वयस्क गोजरबाई, साठीची, हातात अजून पहार.

त्र्याहत्तरच्या मार्चअखेर चांगुणा दुपारची सुटी टाकून शाळेत आली. ती कधी शाळेत येत नसे. दारातूनच म्हणाली, “अवो, तुमच्या त्या तक्त्यातल्यावानी कायतरी निघालंय. गोजरमावशीची पहार लागली त्याला.”

रंगनाथ धावत गेला. मच्छिंद्र मागून.

काठाच्या कापलेल्या भिंतीत, गोट्यांच्या थरात, ते अर्धं बाहेर आलेलं होतं. दीड वीत लांब. भाकऱ्यांची चवड आडवी करून घट्ट आवळावी तशा उभ्या चकत्या, एकीला एक चिकटलेल्या. रंगनाथानं कडेला जीभ लावली; जुनं हाड जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. चिकटली. त्यानं चकत्या मोजल्या. बारा.

“हत्तीची दाढ,” तो म्हणाला. मग खालीच बसला.

त्याच संध्याकाळी मच्छिंद्रनं आपल्या वळणदार अक्षरात पुण्याला एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी रंगनाथानं पातळ कागद दाढेवर धरून त्यावर पेन्सिल फिरवली आणि जशीच्या तशी आकृती उतरवून घेतली. कागदाला शेंदूर लागला, कारण तोवर गोजरबाईनं शेंदूर फासला होता.

“माझी पहार लागली त्याला,” ती म्हणाली. “माफी मागाया नको?”

शेंदूर, दोन उदबत्त्या, काडीला लाल चिंधी. पुंजाराम मुकादम तिथून जाताना वहाणा काढू लागला. टोळीनं काठाचा तो तुकडा सोडून पलीकडं खणायला सुरुवात केली. दोन आठवडे त्या दाढेच्या आसपास कुणी हातोडा उचलला नाही. रंगनाथ रोज येई, लांबून बघे, शेंदराला हात लावत नसे. तिची राखण कोण करतंय हे त्याला कळत होतं.

एका गुरुवारी पुण्याचं कार्ड आलं. ‘वस्तू जागेवरून मुळीच हलवू नये. ती कोणत्या थरात, कोणत्या दगडांबरोबर आहे त्यावरच तिचे वय ठरते. सोमवारी आमचे गृहस्थ येत आहेत.’ रंगनाथानं मच्छिंद्रकडून ते तीनदा वाचून घेतलं. त्याला वाचता येत होतं, तरी.

दोघं काठावर गेले. ताजा नारळ फोडलेला होता. शेंदरावर शेंदूर चढून दाढेला आता डोळे काढले होते, चांदीच्या वर्खाचे. मच्छिंद्रला हसू आवरेना.

“मामा, सगळ्या गावाला ‘कुनी बघितलं’ म्हणून विचारत फिरलात. आणि शेवटी तुमच्याच हत्तीचा म्हसोबा झाला!”

रंगनाथ हसला नाही. मच्छिंद्रनं तोच विनोद दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या खोलीत सांगितला. तिथं सगळे हसले.

रंगनाथ तेव्हा तिथं नव्हता. तो रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊन काठावर गेला होता. त्यानं आधी डोळे काढले. मग शेंदूर पुसला, चकती चकती, खाचा काडीनं कोरून. बायका हातोडे टाकून भोवती जमल्या.

“आरं रंगा, काय करतूस?” गोजरबाई ओरडली.

“मावशी, ह्यो देव न्हाई. हत्तीची दाढ हाय.”

“हत्ती? हितं? हितं चिमनीला प्यायला पानी न्हाई!”

“तवा हुतं. नदी दुथडी हुती. गवत हुतं. हत्ती हुते.”

गोजरबाईनं कमरेवर हात ठेवले. “कुनी बघितलं?”

सगळ्या बायका हसल्या. चांगुणासुद्धा. रंगनाथाचा चेहरा उजळला, असं ती मागून सांगत होती. जन्मात पहिल्यांदा त्याला त्याचाच प्रश्न कुणी विचारला होता.

“हिनं बघितलं,” तो दाढेवर हात ठेवून म्हणाला. “हिच्यावर गवत चावल्याच्या रेघा हायेत, या, हात लावा. हत्ती मेला, नदीनं हाड आनलं, गाळात पुरलं. वर गाळावर गाळ. हाडात पानी मुरलं, पान्यातला चुना मुरला. हजारो वर्सांत हाडाचा दगड झाला. ह्यो दगडच हाय आता. पन ह्यो दगड बोलतो.”

अर्धा तास तो बोलला. बायकांनी हात लावून पाहिलं. एकीनं जीभपण लावली.

पुंजाराम मागं उभा होता. “म्हंजे शिपाईबुवा, देव न्हाई.”

“न्हाई.”

“दगड हाय.”

“व्हय. पन सोमवारपातुर हात लावू नका. पुन्याचे लोक येनार हायेत.”

“बरं बरं,” पुंजाराम म्हणाला आणि वहाणा घालून निघाला.

शनिवारी माप होतं. चांगुणा त्या दिवशी तापानं घरी होती. रंगनाथ वार्षिक परीक्षेच्या बाकांवर नंबर लिहीत होता. दुपारी तो काठावर पोचला तेव्हा भिंतीत नुसतं भोक होतं. दोन आठवडे राखून ठेवलेला सगळा तुकडा खणून झाला होता, कारण तिथलेच गोटे सगळ्यांत जवळचे होते. ढीग भरला होता. ओव्हरसियर मोजून गेला होता.

मच्छिंद्र पोचला तो आरडाओरडा ऐकून. रंगनाथाला इतकं ओरडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“कुनी फोडली? मावशी, तू फोडली?”

“मी फोडली. पोरींनी बी फोडली.”

“मी काल घसा कोरडा केला ना तुमच्यापुढं?”

“केलास ना!” गोजरबाई त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. “दगड हाय म्हनलास. आमी दगड फोडाया आलोय हितं! देव हुता तवर माजी पहार बाजूनं गेली. रोज बाजूनं गेली. देव तू काढलास, रंगा. आमी न्हाई.”

“अगं, पन बोलला हुतो की सोमवारपातुर...”

“सोमवारपातुर थांबलो असतो तर आजचा कमी भरलेला ढीग कोन चालवून घेनार हुतं? तुजा हत्ती?”

पुंजाराम लांबून बिडी ओढत होता. “शिपाईबुवा, शेंदूर राहू दिला असता तर कुनाच्या बापाची छाती झाली नसती. तुमाला लई शानपना.”

रंगनाथ त्याच्या अंगावर धावला. मच्छिंद्रनं त्याला कमरेला मिठी मारून धरलं. रंगनाथ सुटायला धडपडत होता. मग धडपड थांबली, आणि मच्छिंद्रला वाटलं, ती थांबायला नको होती.

सोमवारी पुण्याचा माणूस आला. तरुण, गळ्यात कॅमेरा. त्यानं भोकाचा फोटो घेतला. रंगनाथानं पेन्सिलीनं उतरवलेली आकृती पाहिली आणि शिटी वाजवली. “फारच छान होती हो. जागेवर असती तर थराचं वय लागलं असतं. आता काय!” जाताना जीपमधून म्हणाला, “तुकडे मिळाले तर कळवा.”

त्यानं ते सहज म्हटलं. माणसं सहज बोलतात. मच्छिंद्रला आता त्याचाच सगळ्यांत जास्त संताप येतो. बोलायचं आणि जीपमधून जायचं.

ढिगातली खडी गाड्यांनी नव्या रस्त्यावर गेली. चार मैल, दोन्ही बाजूंना शेकडो ढीग. मे अखेरीला रोलर येणार होता. शाळेला सुटी लागली त्या दिवसापासून रंगनाथ सकाळी पिशवी घेऊन निघे. एकेक ढीग उपसायचा. एकेक खडा पुसायचा. संशय आला की जिभेला लावायचा. मग ढीग होता तसा रचायचा, कारण पुंजारामनं दम दिला होता, माप बिघडलं तर तक्रार करीन.

प्रयोगशाळेत त्यानं एका फळीवर दाढेची आकृती उतरवली. बारा चकत्या, प्रत्येकीत पेन्सिलीनं आकडा. सापडलेला तुकडा घासून पाहायचा, फिरवायचा, बसला की लाखेनं चिकटवायचा. मच्छिंद्र सुटीत राहात्याला गेला नाही. दोनतीन दिवस तो पण रस्त्यावर गेला, पण त्याला हाड आणि गोटा यातला फरक कळेना. रंगनाथ त्याचे खडे बघून बाजूला ठेवी.

“थर तर गेलाच, मामा,” मच्छिंद्र एकदा चिडून म्हणाला. “वय काही ठरणार नाही. मग हे कशासाठी?”

“हत्ती हुता एवढं तरी कळंल.”

“कुणाला?”

रंगनाथानं खडा जिभेवरून काढला. “गोजरमावशीला. तिनं इचारलं ना, कुनी बघितलं. आजवर मला कुनी इचारलं हुतं का? तिला पुरी दाढ दाखवायची हाय.”

मच्छिंद्रला ‘मी हसलो म्हणून तुम्ही शेंदूर पुसलात का’ असं विचारायचं होतं. त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारू, असं सलग वीस दिवस ठरवलं.

बावीस मेला दुपारी गोजरबाई पाण्याची कळशी घेऊन रस्त्यानं चालली होती. तिला तिसऱ्या मैलाजवळ रंगनाथ ढिगाला टेकून बसलेला दिसला. तिनं हाक मारली. मग कळशी त्याच्या डोक्यावर ओतली, सबंध. त्या दिवसांत सबंध कळशी कुणी कुणावर ओतत नव्हतं. गाडीत घालून नेला तेव्हाच अंग पेटलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागून गेला. जिभेवर धुळीचा थर होता. मूठ उघडायला दोघं लागले. आत खडा होता, साधा, काळा.

हेडमास्तरांनी शोकसभेत सांगितलं, “रंगनाथ हा एक इमानी सेवक होता.” मच्छिंद्र उठून बाहेर गेला. शास्त्राच्या मास्तरांच्या जागेची जाहिरात त्याच आठवड्यात पेपरात आली.

आज तेरावा. जेवणं झाल्यावर गोजरबाई प्रयोगशाळेच्या दाराशी आली. चपला नव्हत्याच तिच्या पायात. लुगड्याच्या पदराची गाठ सोडून तिनं एक तुकडा काढला.

“मास्तर, ह्यो त्याचा हाय का बघ.”

“कुठं मिळाला?” त्याचा आवाज कडक झाला.

“त्या दिवशी मीच ठिवला हुता. फोडला तवाच. म्हनलं, चुकून देव असंल तर... असू द्यावा घरात एक तुकडा. रोज हळदकुकू लावते.”

मच्छिंद्रला ओरडायचं होतं. दीड महिना घरात? तो उन्हात चार मैल उपसत होता तेव्हा? तोंड उघडलं, पण म्हातारीचे हात दिसले. बोटांच्या पेरांवर फोडून फोडून चरे पडलेले. त्यानं तुकडा तिच्या हातातून ओढला, हळद पुसली, जिभेला लावला. चिकटला.

“बसतोय का?” ती म्हणाली.

त्यानं फळी टेबलावर घेतली. सात चकत्या भरलेल्या. चार, सहा, नऊ, दहा आणि बारा रिकाम्या. त्यानं तुकडा चारवर ठेवून पाहिला. फिरवला. सहावर ठेवला. नऊवर बसल्यासारखा वाटला, पण रेघ जुळेना. रंगनाथ एका नजरेत सांगायचा. बाहेर रस्त्यावर रोलर चालला होता. त्याचा घरघराट तिसऱ्या मैलाकडून येत होता. गोजरबाई टेबलाशी वाकून रिकाम्या घरांकडं बघत होती.

“मी हसलो होतो,” मच्छिंद्र म्हणाला. “शेंदूर बघून. म्हणून त्यानं पुसला.”

“आमी बी हसलो हुतो, लेका. तू ते लाव.”

लाख एका वाटीत होती, रंगनाथानं शेवटची वितळवलेली, घट्ट झालेली. शेजारी पेन्सिल. बारावी चकती तेव्हा अर्धी काठातच होती, म्हणून त्यानं ती पुरी काढलीच नव्हती. एका बाजूची रेघ होती. दुसरी बाजू मोकळी होती.